शॉकअप मी घरीच खोलणार

३ डिसेंबर, बुधवार
ठरलं. सायकलचा पुढचा शॉकअप घरीच खोलायचा. दुकानात देणार नाही. जो माणूस हिंजवडीत दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढतो, त्याला दोन नळ्या, एक स्प्रिंग आणि थोडं तेल जड नाही.

जुईलीची अट: रविवारी चौदा तारखेला मी मुळशी धरणापर्यंत सायकलने जाऊन यायचं. जमलं तर सायकल गॅलरीत राहील. नाही तर सायकल बाहेर आणि तिथे तिचं टेबल. सध्या ती इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून काम करते. पाठ दुखते म्हणते. इस्त्रीचं टेबल चांगलं मजबूत आहे. शिवाय सायकल आधी आली, बायको नंतर. हे बोललो नाही, इथे लिहितो.

५ डिसेंबर, संध्याकाळ
घरमालक हैबतरावांचा किशोर जिन्यात भेटला. याची सायकल परदेशी, जमीन विकल्यानंतरची. म्हणाला, साहेब, शॉकअप घरी खोलताय? लई भारी. माझ्याकडं त्याचं तेल हाय, न्या की. हसत होता. मी म्हटलं, मागवलंय. मागवलं नव्हतं. वर येऊन लगेच मागवलं.

रविवारी धरणावर जाणारा सायकलवाल्यांचा ग्रुप याचाच. म्हणजे आता नुसतं जायचं नाही, याच्या पुढे जायचं.

७ डिसेंबर, रविवार
व्हिडिओतला माणूस वरचं झाकण सहज फिरवतो. माझं पान्याने निघेना. हातोडी. निघालं. आतलं तेल काळंकुट्ट. सांडलं, आणि गॅलरीच्या पन्हाळीतून थेट खाली. खाली हैबतरावांचा लग्नाला घालायचा पांढरा शर्ट वाळत होता.

हैबतराव वर आले. म्हणाले, हितं ऱ्हायचंय का ग्यारेज टाकायचंय? मी शांतपणे सांगितलं की पन्हाळीचा उतार चुकलाय. जास्तच चिडले. खरं ऐकायची सवय नसली की असं होतं. त्यांच्या बायकोने, रत्नाबाईंनी, जुईलीला विचारलं, साहेब हापिसात बी असंच करत्यात व्हय? जुईली हसली. या इमारतीत माझ्या बाजूने कुणी नाही.

१० डिसेंबर
तेल आलं नाही. मेसेज आला: ग्राहक घरी नव्हता. मी घरीच होतो, त्यासाठी सुट्टी टाकली होती. डिलिव्हरीवाला म्हणतो ट्रॅफिकला कंटाळून परत गेलो, आता सोमवारी. आमच्या या माण गावात आयटी पार्क पोचला, तेलाची बाटली पोचत नाही.
किशोरकडे मागणार नाही. नाही म्हणजे नाही.

१३ डिसेंबर, शनिवार, दुपार
मार्ग सापडला. शेवटी तेल म्हणजे तेल. जुईलीच्या खोबरेलाची बाटली गॅलरीत उन्हात ठेवलेली होती. उन्हात का, कोण जाणे, एकेकाच्या सवयी. पातळ, स्वच्छ, वासही बरा. संपेपर्यंत ओतलं. झाकणं घट्ट. हँडल दाबलं. अलगद खाली, अलगद वर. कंपनीतून नवा आला तेव्हाही असा नव्हता. जुईलीला दाखवलं. तिने बाटली कुठाय एवढंच विचारलं.

उद्या किशोरला धूळ चारणार.

१४ डिसेंबर, रविवार
पहाटे कडाक्याची थंडी. शॉकअप हलेना. दाबला, अंगाचा सगळा भार टाकला. ढिम्म. तेल गोठलं होतं. थंडीत खोबरेल गोठतं हे मलाही माहीत आहे, लहान पोरालाही माहीत असतं. पण नळीच्या आत गोठेल हे व्हिडिओत कुणी सांगत नाही.

तरी निघालो. एकेक खड्डा मनगटातून दातांत. किशोर थांबून थांबून विचारत होता, साहेब, बरं हाय ना? अपमान करायची ही त्याची रीत. घोटावडे फाट्यावर हँडल धरवेना. गावातल्या कुशाबाच्या भाजीच्या टेम्पोतून परत. सायकल कोबीच्या पोत्यांवर, मीही.

दुपारी उन्हात शॉकअप पुन्हा मऊसूत. जुईलीला ओरडून बोलावलं. ती गॅलरीचं माप घेत होती.

१५ डिसेंबर, सोमवार
तेल आलं.

१७ डिसेंबर
जुईलीने सायकल हैबतरावांना देऊन टाकली, शर्टाची भरपाई म्हणून. तिने विचारलं होतं. मी रागात हो म्हटलं. रागातलं हो धरायचं नसतं, एवढी वर्षं संसार करून हे कळू नये? किशोरने सायकल खाली नेली आणि वर येताना टेबल आणलं. त्या सायकलवर मी एकेकाळी ताम्हिणी घाट चढलोय. ती जिन्यातून जाताना बघवलं नाही. आत जाऊन बसलो.

२१ डिसेंबर, रविवार, सकाळ
किशोर दाराशी. खोल्यांचं भाडं येत असूनही हैबतराव दोन म्हशी पाळतात आणि पहाटे फ्लॅटवाल्यांच्या टॉवरमध्ये दूध घालतात. किशोर म्हणाला, आबा आता तुमच्याच सायकलवर जात्यात. शॉकअप जरा बी हलत न्हाई, किटली डुचमळत न्हाई. लई मस्त काम केलंय तुमी. कुशाबाच्या सायकलचं बी तसंच करून द्याल का?

दुपारी त्या शॉकअपचं काय होतं, ते मी सांगितलं नाही. माझ्या कामाला मस्त म्हणणारा हा पहिला माणूस. ऑफिसातही कुणी म्हटलेलं नाही. बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच फार राग आला.

म्हटलं, आणा.

गॅलरीतून जुईलीने लॅपटॉपवरून मान वर न करता सांगितलं, इथे जागा नाही.