उंबरठ्यातला धर्माजी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार. किहीम.
जूनपासून काही लिहिले नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. कोणाजवळ, ते ठरवता आले नाही. कारण: बायकोची, पद्माची, तळा गावच्या शाळेत बदली झाली. (कारण पुरेसे नाही. वेळ भरपूर होता.) ती तिथे खोली घेऊन राहते. तात्पुरती सोय. जाताना म्हणाली होती, एखाद्या रविवारी ये, खोली तरी बघ. जाणे झाले नाही. दिवाळीला तीही आली नाही.

मुख्य बातमी: कॉलेजातल्या गणराजने फोटो पाठवला. दिघीला त्याच्या मावशीच्या, आवडाबाईंच्या, उंबरठ्यावर तांब्याचा जुना पाव आणा ठोकलेला आहे. त्यावर ठशाने उठवलेली अक्षरे: ‘धर्माजी तपकीर’. म्हणजे या धर्माजीने सरकारच्या नाण्यावर आपल्या दुकानाचा ठसा मारून ते बाजारात सोडले. हातोहात जाहिरात. माझ्या संग्रहात अशी नाणी आहेत. छत्रीवाला आहे, अत्तरवाला आहे. तपकीरवाला नाही.

बेत: पुढच्या रविवारी दिघी, तिथून तसाच तळा.

२४ नोव्हेंबर
दिघी झाले. तळा राहिले.

आगरदांड्याहून फेरीबोटीने गेलो. उंबरठ्याशी पालथा पडून भिंगाने नाणे पाहिले. अस्सल. आवडाबाई मला ओलांडून दोनदा आत-बाहेर गेल्या. नाणे मागितल्यावर म्हणाल्या, घरातली लक्ष्मी उपटून न्यायला एवढ्या लांबनं आलात व्हय, मास्तर. मी ग्रंथपाल आहे, हे सांगितले. फरक पडला नाही. शेवटी म्हणाल्या, घराचं काम काढलंय, उंबरठा निघणारच हाय. पण लक्ष्मी बाईच्या ओटीत घालतात, पुरुषाच्या खिशात न्हाय. बायकोला घेऊन या. मग आत जाऊन सुनेला विचारले, ह्याला बायको हाय ना गं. सून हसली. ऐकू आले.

परतीची बोट गाठायची म्हणून तळ्याला गेलो नाही. (बोटी नंतरही होत्या.)

२५ नोव्हेंबर
पद्माला फोन. रविवारी दिघीला येतेस का, विचारले.  म्हणाली, मला न्यायला येतोयस का. आवाज वेगळा होता. फसवणूक नको म्हणून नाण्याचा सगळा प्रकार सांगितला, ओटीसकट. म्हणाली, बरं, येते.

स्वतःला विचारले: फक्त नाण्यासाठी बोलावले का? प्रामाणिक उत्तर: नाही. गाठही पडेल. निष्कर्ष: ती परत येण्याच्या बेतात आहे.

१ डिसेंबर
नाणे मिळाले. आवडाबाईंनी पद्माची ओटी भरली: खण, नारळ, तांदूळ, वर धर्माजी. बजावले, जिथं ऱ्हातेस त्या घराच्या उंबरठ्यात ठोक, पोरी. डबीत नको घालू. मी कापूस घातलेली डबी खिशातच ठेवली.

धक्क्यावर चहा घेताना पद्मा म्हणाली, तळ्याला ब्लॉक घेतलाय. मी विचारले, उंबरठा लाकडी की ग्रॅनाइटचा? म्हणाली, एवढंच विचारायचं होतं? मी विचार करून हो म्हणालो. बोटीत बसल्यावर आठवले, कितवा मजला ते राहिले.

ती एसटीने तळ्याला गेली. नाणे तिच्याकडे. तात्पुरते.

८ डिसेंबर
तळ्याला निघायचे होते. निघण्याआधी संग्रहासाठी धर्माजीचे कार्ड करायला घेतले. ‘मालक’ या रकान्यात काय लिहावे? मी, की पद्मा? न्याय्य काय? संध्याकाळ झाली. रकाना कोरा ठेवला. जेवण: पेज. ठीक.

१५ डिसेंबर
पद्माने फोटो पाठवला. लाकडी उंबरठा, सुताराकडून मुद्दाम करून घेतलेला. त्यात नाणे. खिळ्यासाठी नवे भोक पाडले आहे. ‘तपकीर’मधला ‘की’ गेला. जुन्या भोकातून ठोकता आले असते. तसे कळवले.

मग तिचा फोन आला. शांतपणे बोलली. (आधी ‘थंडपणे’ लिहिले होते. अन्याय होत होता, खोडले.) म्हणाली, माझी वाट बघू नकोस, मी आता इथेच राहणार. दिघीपर्यंत आलास त्या दिवशी मी दोघांचा स्वयंपाक करून बसले होते. गणराजने कळवलं होतं तू दिघीत आहेस म्हणून. जेवायला काय केले होतेस, विचारले. म्हणाली, ते राहू दे, माझं लोखंडी कपाट तेवढं पाठव.

काही वाटते का, पाहिले. विशेष नाही. कपाट उघडले. रिकामे. सगळे तिने जूनमध्येच नेले होते. मी ते आज उघडले.

उद्या: टेम्पोवाल्याला फोन करणे.