उभ्या गाडीची मान

बा, तू गेलास तेव्हा माझा पोरगा पाळण्यात होता. आता तोही नाही. तुला जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली, त्याला सात. मेल्यावर तुम्ही दोघं कुठे भेटला असाल असं मला वाटत नाही. वाटत असतं तर त्यानंच तुला सगळं सांगितलं असेल म्हणून मी गप्प बसले असते. पण सांगायला कोणी नाही, म्हणून नातीच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं फाडून बसले आहे. माझी शाळा तुला माहीत आहे. चौथी, तीही लावणी, कापणी आणि तुझं गवत यातून जेवढी उरली तेवढी. अक्षर लागलं नाही तर माझ्या नावानं बोंब मारू नकोस, शाळेतून तूच काढलीस.

घरात चार दिवस एकच भांडण चाललं होतं. रस्त्यात थांबलेली मोटारसायकल गिअरात ठेवायची की नाही. तू हसशील. तुझ्या वेळेला खर्डीच्या बाजूला एक फटफटी होती, डॉक्टरची, आणि ती आली की तुझे बैल बुजायचे. म्हणून तुला कळेल असं सांगते. गाडी गिअरात असली म्हणजे जुंपलेली. थांबायचं झालं तर डाव्या हाताने क्लच दाबून धरायचा, म्हणजे ती चालत नाही पण तयार असते, हात सोडला की निघाली. गिअर काढला म्हणजे न्यूट्रल. समोर बारका हिरवा दिवा लागतो, हात मोकळा होतो, इंजिन आपलं फडफडत बसतं, आणि मग कितीही पेट्रोल दे, गाडी जागची हलत नाही.

नात वीस वर्षांची झाली. मुरबाडला औषधांच्या दुकानात लागली आहे. एसटीचा भरवसा नाही, म्हणून तिच्या मामाने शहापूरहून एक जुनी मोटारसायकल आणून दिली. बिनगिअरची नको म्हणाली, बाबांसारखीच हवी. मामा तिला अंगणात शिकवत होता, सून ओटीवर तांदूळ निवडत होती आणि मी कोंबड्या हाकत होते.

"रस्त्यात थांबलीस ना, तर पयल्या गिअरातच थांबायचं," मामा म्हणाला. "क्लच दाबून. डोला आरशात. मागची गाडी येऊन नीट उभी राह्यली का मंग काढ न्यूट्रल."

"पण बाबा तर लगेच काढायचे."

"ती तुझ्या बाबाची सवय होती. सवय येगली, बरोबर येगलं."

"सवय नाय मामा, आजीनंच शिकवलेलं त्यांना. मान मोकळी कर." आणि तिनं माझ्याकडे मान वळवली. "सांग ना गो आजी याला."

ओटीवर सुनेचा हात सुपात थांबला. मी म्हटलं, "मना काय इचारता? मी काय आरटीओत कामाला हाय? चाक शेणात घातलंस ते धू पयले." मामा हसला. नात हसली नाही. तिला बापाचं फार काही मिळालेलं नाही. एक घड्याळ, एक फोटो आणि हे तीन शब्द. ते मामानं खोटे ठरवले आणि मी तिच्या बाजूनं बोलले नाही, एवढं तिला कळलं.

ते तीन शब्द मूळचे तुझ्या गाडीचे आहेत. मी दहा वर्षांची आहे. आपली बैलगाडी खर्डी स्टेशनाकडे निघाली आहे, गवत माझ्या दुप्पट उंच रचलेलं, दोरानं आवळलेलं. रेल्वेचं फाटक पडतं. तू उतरतोस आणि जाता जाता सांगतोस, टेकू लाव. टेकू म्हणजे तो सागाचा दांडका. गाडी उभी राहिली की पुढे धुरीच्या दांड्याखाली द्यायचा, म्हणजे गवताचं वजन बैलांच्या मानेवरून उतरून जमिनीवर जातं. मी मालगाडीचे डबे बघत बसते आणि टेकू विसरते. तू तंबाखू मळत परत येतोस, जूखाली वाकलेल्या बैलांकडे बघतोस. ओरडत नाहीस. गवताची एक पेंढी ओढून माझ्या डोक्यावर ठेवतोस, तिच्यावर दुसरी. म्हणतोस, "रहा उभी." फाटक उघडतं, बाकीच्या गाड्या जातात, आपली बाजूला. दुसरी रेल्वे येऊन जाईपर्यंत मी तशीच. आधी काही वाटत नाही, मग मान अशी भरून येते की डोळ्यांपुढे काजवे. मग तू पेंढ्या उतरवतोस आणि बैलाच्या मानेवरून हात फिरवतोस. माझ्या नाही, बैलाच्या. "चालताना वजन जानवत नाय गो," म्हणतोस. "उभं राह्यलं का जानवतं." तुझ्याकडून मला दुसरं काही शिकल्याचं आठवत नाही, पण हे मानेत बसलं ते बसलं.

मग मला इकडे टोकावड्याच्या बाजूला दिलीस. पोरगा मोठा झाला, मुरबाडच्या कारखान्यात लागला, त्यानं मोटारसायकल घेतली. मी मागे बसायची. पावसाळ्यात रविवारी माळशेजचे धबधबे बघायला गाड्या येतात, वैशाखऱ्यापर्यंत रांग लागते, आणि आम्ही गावचे लोक आमच्याच रस्त्यावर उभे. तो क्लच दाबून बसायचा. मला त्याच्या मनगटाची ताणलेली शीर दिसायची आणि खालून गाडीची धडधड लागायची, जूखाली बैल थरथरतो तशी. मी म्हणायची, "अरे, मान मोकली कर तिची." तो हसायचा. "आये, हा बैल नाय." पण गिअर काढायचा. पुढे पुढे मी सांगायच्या आधीच काढायला लागला. नात बारकी होती, टाकीवर बसायची. हिरवा दिवा लागला की टाळी वाजवून ओरडायची, "मान मोकळी!" असं ते घरात रुजलं. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला लिहू. तुझं काहीतरी माझ्या हातून पुढे गेलं असं वाटायचं.

त्या दिवशी मला डोळे दाखवायचे होते. भाद्रपद होता, ऊन पडलेलं, भात पोटरीला आलेलं. मुरबाडच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, एक बाजू बंद, एक माणूस लाल फडकं धरून उभा. आम्ही रांगेत शेवटचे, उताराच्या पायथ्याला. उतार होता म्हणून असेल, त्यानं गिअर तसाच ठेवला होता. मी म्हटलं, मान मोकळी कर. त्यानं केली. मला डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, तरी तो हिरवा दिवा दिसला. मग मागून हॉर्न. एक टेंपो उतारावरून येत होता तो थांबायचं नाव घेईना. पोराची पाठ माझ्या हाताखाली ताठ झाली, म्हणजे त्यानं आरशात बघितलं. त्यानं उजवी मूठ पिळली. गाडी ओरडली, बा. नुसती ओरडली. हलली नाही. डाव्या अंगाला रस्ता संपून माती होती, एक मोटारसायकल निघेल एवढी मोकळी जागा. क्लच दाबायचा, पायानं गिअर टाकायचा, हात सोडायचा, याला वेळ तो किती लागतो? तेवढाही नव्हता. मी त्या मऊ मातीत फेकले गेले आणि कमरेच्या हाडावर निभावलं. तो जिथे होता तिथेच राहिला.

सगळे म्हणाले, टेंपोचा ब्रेक लागला नाही. ते खरंच होतं, कागदावरही तेच लिहिलं गेलं. गिअरात असता तर वाचला असता का? कोणी सांगू शकत नाही, आणि जो सांगेल त्याचं मी ऐकणार नाही. पण ती रिकामी ओरड मी ऐकली आहे. शेजारी गिरणी सुरू झाली की अजून ऐकते. सुनेला मी हे कधी सांगितलं नाही. सात वर्षं एका चुलीवरचं खातो. तिनं माझं हागणंमुतणं काढलं कंबर जुळेपर्यंत, तोंडातून शब्द न काढता. तिला काय सांगू, की तुझा नवरा माझं ऐकून बसला होता?

काल बाजाराला जायचं म्हणून नातीनं मला मागे घेतलं. टोकावड्याला एसटी वळत होती, पुढे टेंपो, रिक्षा, भाजीवाल्या, सगळा गुंता झालेला. पोरगी थांबली. पायाचा खटका वाजला, हिरवा दिवा लागला. "बघ आजी," ती म्हणाली, "मान मोकळी." बापाचाच सूर. मी तिच्या पाठीत बुक्की घातली.

"गिअर टाक."

"अगं, एसटी वळतेय. पाच मिनटं लागतील."

"टाक म्हणते ना, भवाने!"

शेजारचा रिक्षावाला हसायला लागला. "आजी, तुमीच चालवा ना गाडी." मी त्याला म्हटलं, "तू तुझं मीटर बघ." तिनं क्लच दाबला, गिअर टाकला. मग म्हणाली, "टाकला. आता सांग का."

हेल्मेटच्या पाठीला सांगायला सोपं गेलं. तोंड दिसत नव्हतं. मी म्हटलं, "तुझ्या बापानं त्या दिवशी गिअर काढला तो मी सांगितलं म्हणून. नायतर डावीकडं जागा होती." मी तिच्या डाव्या मनगटाकडे बघत होते. शीर ताणलेली, त्याचीच. एसटी वळली, मागून कोणीतरी हॉर्न मारला. तिनं आधी आरशात बघितलं, मग निघाली. बाजारात मी सुके बोंबील घेतले, तिनं पिशवी धरली, येताना दोनदा थांबावं लागलं, दोन्ही वेळा हिरवा दिवा लागला नाही. घरी येऊन आईला म्हणाली, "आजपासून गिअरातच थांबणार."

"का गो? मामाचं पटलं?"

"नाय. आजी म्हणते."

सुनेनं माझ्याकडे बघितलं. मग पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला. तिला किती कळलं, पोरीनं मागाहून किती सांगितलं, मला माहीत नाही. मी विचारणार नाही. आज सकाळी चहा रोजच्यासारखाच दिला.

आणि आज तांदूळ पाखडताना तुझं राहिलेलं आठवलं. इतकी वर्षं कुठे मेलं होतं कोण जाणे. टेकू द्यायला लावलास की तू दर वेळी आणखी एक सांगायचास. "टेकू दे, पण जुपणी सोडू नको. कासरा हातातच ठेव." जुपणी म्हणजे बैलांच्या गळ्याखालचे पट्टे, ते तसेच बांधलेले असायचे. एकदा फाटकापाशी मागून ट्रक आला, आठवतं? हॉर्न ऐकून तू लाथेनं टेकू उडवलास, कासरा ओढलास आणि बैलांनी गवतासकट गाडी बाजूच्या खड्ड्यात घातली. आपण हसलो होतो. मानेवरचं वजन उतरलं होतं, पण बैल जुंपलेलेच होते. हिरवा दिवा म्हणजे टेकू नाही, बा. हिरवा दिवा म्हणजे जुपणी सोडणं. तू मला दोन गोष्टी शिकवल्या होत्यास. मानेवर पेंढ्या ठेवून शिकवलीस ती मला राहिली, नुसती तोंडानं सांगितलीस ती गेली. पोराला मी तुझी अर्धीच वस्तू दिली आणि अख्खी दिल्यासारखी मिरवली.

आता तू म्हणशील, माझ्यावर ढकलतेस. नाही ढकलत. तू पुरं सांगितलं होतंस.

ही पानं कुठे पाठवायची नाहीत. उद्या आंघोळीचं पाणी तापवताना चुलीत जातील. त्याआधी एक नीट लिहून ठेवते, कारण वर मी ते सोयीनं लिहिलं आहे. मी म्हटलं आणि त्यानं केली, असं झालं नाही. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तो म्हणाला होता, "थांब आये, मागनं काय येतं ते बघू दे." मी दुसऱ्यांदा सांगितलं.