नवा स्क्रीन आणि ठकीची भिंत

३ मार्च, मंगळवार

आला एकदाचा! खोका एवढा मोठा की दारातून आडवा करून घ्यावा लागला. शेजारीण जिन्यात थांबून बघत होती. "नवं कपाट का?" म्हटलं, हो, कपाटच, फक्त आत काही ठेवता येत नाही.

ठकीनं पाठवलाय. जानेवारीत तिनं घराचा फोटो पाठवला होता, तेव्हा मी सहज बोलून गेले की माझ्या स्क्रीनवर तुझे फोटो चिखल कालवल्यासारखे दिसतात. आपण बोलून जातो आणि पोरं मनावर घेतात. लग्नाला दीड वर्षही झालं नाही, परक्या शहरातला संसार, आणि ही आईला महागाचा मॉनिटर पाठवते! फोन करून रागावले. "तुझ्या कामाला होईल गं," म्हणाली. खोटं नाही. घरी बसून स्टुडिओचे फोटो साफ करून देते मी — पुटकुळ्या काढ, सुरकुत्या मऊ कर, मागचा विजेचा खांब उडव. आजवर हे सगळं त्या जुन्या डबड्यावर अंदाजपंचे चाललं होतं.

जोडायला आलेला माणूस बडबड्या. "काकू, आता फोटोत मुंगी असेल तर तिचे पायसुद्धा मोजाल." चालू केला तर सगळी अक्षरं राईएवढी. म्हणे ठिपके जास्त, म्हणून सगळं बारीक दिसतं. अक्षरं मोठी करून दिली आणि गेला.

ह्यांनी लांबूनच पाहिलं. "टेबल लहान झालं," एवढंच म्हणाले. ह्यांचं कौतुक असंच असतं.

४ मार्च, बुधवार

मान आखडली. स्क्रीन उंच की खुर्ची बुटकी, कळत नाही. खाली उशी घेतली तर पाय लोंबकळतात.

६ मार्च, शुक्रवार

चांगलं काय ते आधी लिहावं. डोळे दुखत नाहीत. अक्षरं छापल्यासारखी. बाईच्या साडीचा काठ कुठं संपतो आणि हात कुठं सुरू होतो ते दिसतं, अंदाज करावा लागत नाही. शिवाय दोन फोटो शेजारी शेजारी लावता येतात.

आता वाईट. कॉम्प्युटर म्हातारा आणि स्क्रीन हा असा — नाकापेक्षा मोती जड. एक फोटो उघडायचा तर आतला पंखा धापा टाकतो. आणि त्याहून वाईट म्हणजे माझी जुनी कामं दिसायला लागली. स्टुडिओच्या काचेत लावलेला तो आजोबा-नातीचा फोटो, ज्याचं सगळ्यांनी कौतुक केलं, तो आज मोठा करून बघितला. आजोबांच्या गालावर मी चक्क लादी पुसल्यासारखं पुसलंय. एका कानाला कडाच नाही! झाकली मूठ सव्वा लाखाची, ते हेच.

बसून तो कान नीट केला. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. स्टुडिओच्या मालकांचा फोन — "बाई, आजची कामं कुठायत? गिऱ्हाईक काय भिंग घेऊन बघणार आहे?"

८ मार्च, रविवार

ठकीचा फोटो आला. आधी फोनवरून पाठवायची, ते दाबून दाबून बारीक होऊन यायचे. आता म्हणाली, "चांगला स्क्रीन आहे ना तुझ्याकडे, मूळ फाइलच मेल करत जाईन दर रविवारी. नीट बघ हं."

बघितला. खिडकी, कुंडी, टेबल, टेबलावर कप. लाकडाच्या रेषा अशा की हात फिरवावासा वाटला. मग पूर्ण मोठा केला आणि पदर खोचून कोपऱ्याकोपऱ्यातून फिरले. लगेच फोन लावला. म्हटलं, कुंडीखाली धूळ आहे, आणि पडद्याची खालची शिवण उसवलीय.

"अजून काय दिसलं?" तिनं विचारलं.

म्हटलं, एवढंच. कप छान आहे. जावई कुठायत?

"कामावर गेलाय."

रविवारी? असेल. हल्लीच्या नोकऱ्यांना वार नसतो.

१० मार्च, मंगळवार

स्टुडिओतून एक कुटुंबाचा फोटो आलाय. सगळे हसतायत. मालक म्हणाले, उजवीकडून दुसरा काढून टाका, जावई होता, आता नाही.

माणूस काढणं सोपं असतं. अवघड असतं ते त्याच्या मागं काय होतं ते भरणं. शिवाय ह्या बाबाचा हात बायकोच्या खांद्यावर. चार बोटं एकेक करून काढली, खालचं कापड विणल्यासारखं भरलं. जुन्या स्क्रीनवर पटकन झालं असतं. इथं धागा न् धागा दिसतो, मग सोडवत नाही. शेवटी बाई एकटी छान उभी राहिली. फक्त खांदा जरा खाली झुकलाय, हात होता म्हणून. तो काही मला वर करता आला नाही.

११ मार्च, बुधवार

मालकांना आवडला. खांदा कुणाला दिसला नाही.

१५ मार्च, रविवार

आज ठकीच्या दाराजवळचा फोटो. उघडं दार, पायपुसणं, चपलांचा रॅक. मला वाटलं, हे काय फोटो काढायचं ठिकाण? पण बघ म्हणाली आहे तर बघावं.

रॅकवर फक्त ठकीच्या चपला. वरच्या फळीवर, खालच्या फळीवर, सगळीकडे तिच्याच, ऐसपैस पसरून ठेवलेल्या.

जावयाचे पाय म्हणजे होड्या. लग्नात सगळ्यांनी चेष्टा केली होती की ह्याचे बूट लपवायला पोतं लागेल. गेल्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा त्या रॅकवर ठकीला जागाच नव्हती. तिच्या चपला बिचाऱ्या भिंतीला टेकून उभ्या असायच्या.

मनात पाल चुकचुकली. ह्यांना बोलावून दाखवलं. "बाहेर गेला असेल, बूट घालून."

"सगळे जोड घालून?"

"कपाटात ठेवले असतील. तुला स्क्रीन कामासाठी दिलाय, हेरगिरीसाठी नाही." आणि गेले पेपर वाचायला. पेपर उलगडला पण पान काही उलटलं नाही, मी बघत होते.

फोन केला. इकडचं तिकडचं बोलून मग विचारलं, जावई बरे आहेत ना? म्हणाली, "बरा आहे. फोटो बघितलास?" म्हटलं, बघितला, पायपुसणं नवं का गं? "हो," म्हणाली. मग फोन ठेवला.

१६ मार्च, सोमवार

जीव थाऱ्यावर नाही. बसते, उठते. पाणी प्यायला जाते आणि भांडं घासून परत येते. एका नवरीचे दात पांढरे करायचे होते तर डोळेच पांढरे करून ठेवले. परत सगळं पहिल्यापासून.

१८ मार्च, बुधवार

ठरवलं. पुढचा फोटो आला की लहान आकारातच बघायचा. छान आहे म्हणायचं आणि बंद करायचा. पोरीनं आपल्या घरातलं प्रेमानं दाखवावं आणि आईनं भिंग घेऊन जावयाचे बूट शोधावेत, हे शोभतं का? त्यांचं काही बिनसलं असेल तर सांगेल ती. लहानपणी पेन्सिल हरवली तरी रडत माझ्याकडेच यायची.

पण सांगत नाही हे खरंय. बोलायला लागते आणि मध्येच कुंडीला पाणी घालायचं राहिलंय म्हणते. तिची ती एकुलती एक कुंडी, तिला किती पाणी लागतं?

विचारू का सरळ? आणि तसं काही नसलंच तर? उचलली जीभ लावली टाळ्याला, असं व्हायचं. पोर म्हणेल, आईला हेच सुचतं. फोन करायचीही बंद होईल.

१९ मार्च, गुरुवार

विचारलं नाही.

२२ मार्च, रविवार

हॉलची भिंत. नुसती भिंत! सोफ्याची पाठ खाली जराशी दिसते, बाकी सगळी भिंत.

लहान आकारात बघायचं ठरवलं होतं. हाताला कुठं माहीत होतं ते. पूर्ण मोठा केला.

तिथं त्या दोघांचा फोटो होता. मीच साफ केलेला, मीच चौकट करून दिलेला. जावयाच्या कपाळावरचा वण काढू का म्हणून विचारलं होतं, तर ठकी म्हणाली, राहू दे, मला आवडतो. आता तिथं एक खिळा आहे. खिळ्याखाली भिंतीचा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा फिका. खिळ्याचं डोकं थोडं गंजलंय आणि शेजारी रंगाचा पापुद्रा निघालाय, एवढं स्पष्ट. मला रडू आलं.

मग मी काय केलं ते लिहिते.

खिळा काढला. फिका चौकोन भरला, दोन्ही बाजूंचा रंग ओढून असा मिसळला की कुणाच्या बापाला कळणार नाही. उजेड थोडा वाढवला. आणि ठकीला परत पाठवला — बघ, तुझी भिंत कशी छान करून दिली!

वाटलं, तिला कळेल की आईनं काही पाहिलं नाही. तिला अवघडल्यासारखं नको व्हायला. सांगायचं तेव्हा सांगेल. खरं सांगायचं तर भीती वाटली, आणि भीती वाटली की मी फोटो साफ करते.

उत्तर नाही.

२३ मार्च, सोमवार

फोन केला, उचलला नाही.

२४ मार्च, मंगळवार

उचलला. "कामात आहे आई, नंतर करते." आवाज असा की बँकेतल्या बाईशी बोलतेय. नंतर केला नाही.

२५ मार्च, बुधवार

हे म्हणाले, "तू तिला काय पाठवलंस?" दाखवावंच लागलं. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, तिचा आणि माझा. ह्यांनी चष्मा पुसला, खुर्ची ओढली. आजवर माझ्या कामाकडे इतका वेळ कधी बघितलं नव्हतं.

"खिळा का काढलास?"

"वाईट दिसत होता."

"कुणाला?"

हे माझ्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिले. मग स्वतःच चहा ठेवायला गेले, आणि दूध उतू घालवलं.

२६ मार्च, गुरुवार

नवा स्क्रीन काढून खोक्यात भरला. जुना माळ्यावरून उतरवून जोडला. काय सुख! सगळं मऊ, सगळं गोड. सगळ्यांचे गाल गुळगुळीत. दुपारपर्यंत कामं उरकली. मालक म्हणाले, "आज गाडी रुळावर आली म्हणायची."

मग ठकीचा भिंतीचा फोटो इथं उघडून पाहिला, मूळचा. खिळा दिसत नाही. चौकोनही नाही, एक पुसटसा डाग आहे, आहे म्हटलं तर आहे. साधी भिंत. ह्या स्क्रीनवर मी "छान आहे" म्हटलं असतं आणि सुखानं जेवले असते.

जेवले मात्र नाही.

२८ मार्च, शनिवार

खोका परत फोडला. हे म्हणाले, "तुझं काय चाललंय काय?" मलाही कळत नाही. जोडला. मान पुन्हा आखडू दे. खिळा दिसत नाही म्हणून तो भिंतीत नाही, असं थोडंच आहे!

उद्या रविवार. फोटो नाही आला तर मीच विचारणार. बोलणी खाईन.

२९ मार्च, रविवार

सकाळीच आला. तीच भिंत. खिळा जागच्या जागी, चौकोन जागच्या जागी. पाठोपाठ फोन.

"आई, हाच फोटो तुला जानेवारीत पाठवला होता. तू म्हणालीस, छान आहे, पण नीट दिसत नाही, माझा स्क्रीन जुना झालाय." मग म्हणाली, "तोंडानं सांगायला जमत नव्हतं गं. म्हणून स्क्रीन पाठवला."

म्हटलं, "दिसला, ठकी. खिळा दिसला मला."

ह्यांनी काही न विचारता माळ्यावरून बॅग काढली. उद्या पहिल्या गाडीनं निघतोय.