बोटीच्या स्वयंपाकघरात कासव

तीर्थरूप एर्सीलियाताईस धाकट्या जेल्मोचा किओज्जाहून वाकून नमस्कार.

तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे फाउस्ता खुशाल आहे, म्हणजे माझ्यावर ओरडते आहे. (बायको गप्प झाली की मला धडकी भरते.)

पत्राला उशीर झाला तो एका कासवापायी. मंगळवारी आमच्या बोटीचं जाळं समुद्राचा तळ खरवडून वर आलं. डेकवर ढीग ओतला तर चिखल, खेकडे, तारामासे, बोटाएवढी माशांची पिल्लं आणि मधोमध परातीएवढं कासव, मान टाकलेलं. आमचा तांडेल ओरेस्ते म्हणाला, “मेलंय. टाक पाण्यात.” आमच्यात रीतच आहे ती, निपचित कासव लगेच समुद्राला परत, तेवढंच पुण्य. पण मी डोळ्यापाशी बोट नेलं तर पापणी हलली. गुदमरून बेशुद्ध पडलं होतं बिचारं. तसंच टाकलं असतं तर धोंड्यासारखं तळाला गेलं असतं. “मग ने तुझ्या चुलीपाशी,” ओरेस्ते खेकसला, “माझ्या डेकवर दवाखाना नको!”

(बोटीवरचं माझं स्वयंपाकघर तुझ्या कपड्यांच्या कपाटाएवढं.) कासवाचा मागचा भाग कांद्याच्या पोत्यावर टेकवला, म्हणजे छातीत गेलेलं पाणी निथळेल. वर ओलं फडकं. उरलेल्या जागेत मी एका पायावर उभा. खलाशी डोकावून जायचे. “काय जेल्मोकाका, आज रस्सा का?” दुसरा म्हणे, “काका, तोंडाला तोंड लावून फुंका की! काकू कुठे बघतायत?”

दुपार कलली तेव्हा त्यानं श्वास घेतला. आपले बाबा जेवून खुर्चीतून उठताना काढायचे, तस्सा आवाज. मग जेवणाची कढई पाडली, कांदे उधळले आणि स्वारी दारात अडकली. ओरेस्तेनं इंजिन थांबवलं, भरत आलेलं जाळं अर्ध्यातच वर घेतलं (नाहीतर सोडलेलं कासव पुन्हा त्यातच शिरायचं), आणि आम्ही दोघांनी त्याला उचललं. जाताना त्यानं ओरेस्तेला वल्ह्यासारख्या पायाची सणसणीत थप्पड दिली, आणि पोहत गेलं, ताई! ओरेस्ते कितीतरी वेळ कठड्यावरून वाकून बघत राहिला. मग म्हणाला, “वाढ जेवायला.” वाढायला काही नव्हतं.

मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जेल्मो

ता.क. कासव आपणच वाचवलं, असं ओरेस्ते बंदराच्या धक्क्यावर सगळ्यांना सांगत फिरतोय. सांगू दे. थप्पड त्यानं खाल्ली.

ता.क. आणखी एक. त्या ढिगातलं बाकीचं सगळं, पिल्लंबिल्लं, मीच फावड्यानं पाण्यात लोटलं, रोजच्यासारखं. निम्मी मेलेली, निम्मी तडफडणारी. त्यांच्या डोळ्यांपाशी कुणी बोट नेलं नाही. तेव्हापासून फावडं हातात धरवत नाही.

ता.क. शेवटचं. भाच्याला पावाच्या भट्टीवर माणूस हवा होता ना? मी येतो. फाउस्ताला मीच सांगेन. म्हणजे, तू सांग.