एकाच कापडाचे दोन ड्रेस

ताई,

तू म्हणतेस, आई आपल्याला तोंड उघडू देत नाही. पण दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "गर्भ ठेवायचा की नाही, तुला काय वाटतं?" तेव्हा शिवताना टाचण्या ओठांत धरते ना, तशी आई गप्प बसली. मीच म्हटलं, "नको. मला अजून शिकायचंय." तिने फक्त माझा हात धरला.

मी आता बरी आहे. आज तिच्या कपाटात माझ्यासाठी शिवलेले दोन ड्रेस सापडले. एक नेहमीच्या मापाचा, दुसरा पोटावर सैल. दोन्ही दवाखान्यात जायच्या आधीच शिवून, बटणं लावून तयार होते.

हे पत्र पाठवत नाही. तू आलीस की सांगेन. आई मध्येमध्ये बोलेल, बोलू दे.

तुझं शेंडेफळ