सुतकाच्या घरातून निघताना

आई, तुझी सून गेली. तिने चहाचे आधण ठेवले होते. पाणी उकळून आटत आल्याचा वास आला म्हणून मी आत गेलो, तर ती फरशीवर पडलेली. हे वाक्य मी नीट पूर्ण करू शकतो, परंतु त्याचा अर्थ अद्याप माझ्यापर्यंत पोहोचलेला नाही.

तूही आता नाहीस, हे तुला पाठवता येणार नाही, म्हणूनच लिहितो. लहानपणी शेजारचे आजोबा वारले, आपण भेटायला गेलो आणि निघताना मी सवयीने "येतो हं, आजी" म्हणालो. तू दंडाला चिमटा काढलास. "एरवी जातो म्हणू नये, येतोच म्हणावं. पण अशा घरातून मुकाट्यानं निघायचं. असलं येणं पुन्हा कशाला?" तो चिमटा अजून जाणवतो.

परवा इथे परदेशात, दार्सैतच्या या घरात माणसे बसली असताना माझ्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या कॅनडाच्या बाई आल्या. त्या तिकडच्या मूळ ओजिब्वे लोकांपैकी. शुक्रवारी त्या आमच्याकडे तुझ्या सुनेकडून थालीपीठ थापायला शिकत आणि दोघींची शब्दांची देवाणघेवाण चाले. 'बोझू' म्हणजे नमस्कार, 'मीग्वेच' म्हणजे आभार. कायमच्या निरोपाला मात्र त्यांच्याकडे शब्दच नाही. 'गिगा-वाबमिन', म्हणजे भेटूच, एवढेच म्हणतात. "मग तुमचेही पाहुणे दारातच तासभर बोलत उभे राहत असतील!" असे म्हणून तुझी सून खूप हसली होती आणि तिने त्यांना 'येते हं' शिकवले होते. त्याला असलेला अपवाद शिकवायचा राहून गेला. तसा प्रसंग आपल्याच घरी येईल, असे तिला कशाला वाटेल?

बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. मग उठल्या, दारापाशी वळल्या आणि म्हणाल्या, "येते हं."

शेजारच्या वहिनी पुटपुटल्या, "अगं बाई, हे काय बोलली ही!" मी ताडकन उठून उभा राहिलो. शब्द तुझ्या सुनेने शिकवलेला, त्यामुळे हेलही तिचाच होता. शेवटचा 'हं' किंचित लांबवलेला, भाजी आणायला निघताना रोज दारातून यायचा, अगदी तसा.

"लवकर ये," मी म्हणालो.

बाई मान हलवून जिना उतरल्या. "दुःखात माणसाला भान राहत नाही हो," असे सर्वांना सांगून वहिनींनी माझी बाजू सावरली.

आई, मला भान होते. मी ते त्या बाईंना म्हणालो नव्हतो, इतकेच.