पापणीवरचा दाणा

माणगाव

प्रिय तुळशी,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच चुलीत घालशील, म्हणून पत्ता शेजारच्या दिपालीकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. वीस वर्षांनी नणंद पत्र लिहिते म्हणजे तिला काहीतरी हवं असणार. हवंच आहे, पण ते शेवटी सांगते.

मी आता बरी आहे. दोन महिन्यांपूर्वी जिना चढताना छातीत दुखलं, पनवेलला नेलं, दोन स्टेंट बसल्या. तुला हसू येईल. रत्नपाल गेल्यापासून मी तळलेलं तोंडात घातलेलं नाही. उकडलेला दुधी खाल्ला, रोज पाच किलोमीटर चालले, ऑफिसात लोकांचे डबे बघून उपदेश केले. रक्त मात्र कधी तपासलं नाही, एवढं पथ्य पाळणाऱ्या बाईला काय होणार म्हणून. आता तपासलं तर वाईट कोलेस्टेरॉल तीनशेच्या वर. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाची. रिपोर्ट बाजूला ठेवून तिनं माझी पापणी निरखली आणि विचारलं, हे पिवळं घरात आणखी कुणाला आहे?

आमच्या घरातला भाताचा दाणा तुला आठवत असेल. बाबांच्या पापणीवर होता, रत्नपालच्या होता. आई मिरवायची, ‘डोळ्यापाशी दाना हाय, त्याची कणगी रिकामी व्हायची न्हाय.’ लग्न ठरवताना तुझ्या वडलांनाही तिनं तो कौतुकानं दाखवला होता. तुळशी, तो दाणा म्हणजे कातडीखाली साचलेलं कोलेस्टेरॉल. रक्तातून ते उचलून नेणारं जनुक आमच्यात जन्मापासून बिघडलेलं आहे, तपासणीत सापडलं. बाबा सेहेचाळिसाव्या वर्षी गेले, रत्नपाल एकोणचाळिसाव्या, ते यामुळे. इतकं कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाली, आणि मला दवाखान्याच्या त्या खाटेवर तुझी तळलेली सुरमई आठवली.

रत्नपाल गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या जेवणाला सगळ्या भावकीसमोर मी म्हणाले होते, हिच्या तळणानं आणि खोबऱ्यानं माझा भाऊ खाल्ला. तू वाढता वाढता पातेलं खाली ठेवलंस, सात वर्षांच्या प्रणालीचं बोट धरलंस आणि माहेरची, बोर्लीची एसटी पकडलीस. मी दारापर्यंतही आले नाही. सबबी पुष्कळ आहेत, त्या पाठवत नाही. मी चुकले, आणि जे बोलले ते खोटं होतं. तुझ्या त्याच हाताच्या चवीवर आज खानावळ चालते हे ऐकून बरं वाटतं, आणि लाजही वाटते.

एवढं कबूल करायलासुद्धा मी आणखी वर्षभर टाळलं असतं. पण परवा कुणीतरी प्रणालीच्या साखरपुड्याचा फोटो मोबाइलवर पाठवला. हसू अगदी रत्नपालचं. फोटो मोठा करून बघितला तर डाव्या पापणीवर, नाकाच्या बाजूला, दाणा आहे. घाबरू नकोस. बाबांच्या वेळी औषध नव्हतं, रत्नपालला कुणी तपासलंच नाही. तिला दोन्ही मिळेल, तेही वेळेत. माझा रिपोर्ट आणि डॉक्टरीणबाईंचा नंबर सोबत आहे. माझ्यावरचा राग ठेव, तो तुझ्या हक्काचा आहे. फक्त सोमवारी सकाळी खानावळीत सगळ्यांना पोटभर खाऊ घाल आणि तुझ्या लेकीला उपाशी ठेव. रक्त उपाशीपोटीच द्यायचं असतं.

तुझीच, तू मानलंस तर,
मानसी